राजाबाईच्या अकरा बाया

राजाबाईला आम्ही कामावर घेतलं तेव्हा तिची शाळा चौथीपर्यंतच झालेली होती, पण रुग्णालय तिला तोंडपाठ होतं. देवगाव रंगारीच्या बाहेर धनगरांची वस्ती आहे, तिथली ती. नवरा अजिनाथ दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचा, तो थेट जूनमध्ये परतायचा. असाच तो लांब असताना तिला डाव्या छातीत गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून दीड वर्ष तिनं कुणाला सांगितलं नाही. पुढं शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात तिची छाती काढली, केमो झाले, रेडिएशनचे शेक झाले. ती वाचली. डावा हात मात्र कायमचा सुजला. त्या हातानं तिला भरली घागर उचलवत नाही.

मी तनुजा. शहरातल्या एका छोट्या संस्थेत आमचा प्रकल्प सांभाळत होते. एका कंपनीनं तीन वर्षांसाठी निधी दिला होता. खेड्यातून छातीच्या गाठीसाठी येणाऱ्या बायकांना रुग्णालयात सोबत करायची, एवढंच काम. कागदावर त्याला ‘रुग्णसोबती’ म्हणायचे. बायका राजाबाईला सोबतवाली बाई म्हणायच्या.

ती रोज सकाळी केसपेपरच्या खिडकीपाशी उभी राहायची. पदर तोंडाला लावून, पिशवी पोटाशी धरून उभी असलेली बाई तिला बरोबर ओळखू यायची. मग कोणत्या खोलीत सोनोग्राफी, कोणत्या तपासणीला उपाशी यायचं, गाठीचा तुकडा तपासून आला की कागद कुणाला दाखवायचा, सरकारी योजनेच्या टेबलावर आधार आणि रेशनकार्डावरचं नाव जुळत नसेल तर काय करायचं, हे सगळं ती त्या बाईच्या बरोबर चालत चालत करायची. डॉक्टरांचं काही चुकत नव्हतं. त्यांच्यापुढं रांगच तेवढी असायची. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना बाई हरवायची आणि मग गावालाच निघून जायची.

पिशोरची लक्ष्मीबाई अशीच निघून चालली होती. चाळिशीची, नवरा कडूबा दुसऱ्यांच्या शेतात ट्रॅक्टर चालवायचा. ऑपरेशन हा शब्द कानावर पडला तशी ती उठून गेटाकडं चालायला लागली. राजाबाईनं तिला हाताला धरून बायकांच्या संडासात नेलं, कडी लावली आणि स्वतःच्या झंपराची बटणं काढली.

“बघ,” ती म्हणाली. “हात लावून बघ. पाच वर्सं झाली. मेले का मी?”

लक्ष्मीबाईनं हात लावला नाही. बघितलं मात्र बराच वेळ. मग विचारलं, “मालक काय म्हनले?”

“त्यो मेंढराकडं व्हता. आला तवर झालं व्हतं. काय म्हनतो? म्हनला, चहा ठेव.”

हे मला लक्ष्मीबाईनंच पुढं सांगितलं. नोव्हेंबरच्या शेवटी तिचा पहिला केमो झाला, जानेवारी संपेपर्यंत चार. केस गेले, पण गाठ लिंबाएवढी होती ती बोरापेक्षा लहान झाली. प्रत्येक वेळी आदल्या संध्याकाळी ती राजाबाईला फोन करायची आणि सकाळी राजाबाई तिला बसस्टँडवर घ्यायला उभी असायची.

फेब्रुवारीत कंपनीचा मेल आला. तीन वर्षं पूर्ण होत आहेत, काम समाधानकारक आहे, यापुढं कंपनीचा भर पाण्याच्या कामांवर राहील. एकतीस मार्चला प्रकल्प बंद.

मी राजाबाईला सांगितलं. ती म्हणाली, “माझ्या अकरा बाया मधीच हायेत, ताई. लक्ष्मीच्या आपरेशनची तारीख धा एप्रिलची हाय. धा दिवस जास्तीचे द्या.”

“माझ्या हातात नाही, राजाबाई.”

“पगार नगं. मी माझी येईन. फोन तेवढा राहू द्या.”

फोन संस्थेचा होता. प्रकल्प बंद करताना टेबल, खुर्ची, फोन, सगळं यादीप्रमाणं जमा करावं लागतं. मी तिला म्हटलं, “बायकांचे नंबर मी कागदावर उतरवून देते, आणि त्यांना तुमचा घरचा नंबर कळवते.” तसं म्हटलं खरं. पण त्या आठवड्यात हिशेब तपासणारे येऊन बसले होते, अंतिम अहवाल पाठवायचा होता. अहवालात मी राजाबाईबद्दल दोन छान परिच्छेद लिहिले. नंबर उतरवायचे राहून गेले. फोन माझ्या कपाटात बंद पडला.

दहा एप्रिलला राजाबाई स्वतःच्या तिकिटानं आली. आधी स्टँडवर थांबली, मग रुग्णालयाच्या गेटाशी. चार वाजेपर्यंत. लक्ष्मीबाई आलीच नाही. वॉर्डातल्या सिस्टरनं विचारलं, तुमची बाई कुठंय? राजाबाई परत स्टँडवर जाऊन बघून आली.

तिला वाटलं, तारीख बदलली असेल. दुसऱ्या दिवसापासून ती कांदा काढायला गेली, कारण घरात दुसरं काही येत नव्हतं. सुजल्या हातानं दिवसभर वाकायचं. हात कोपरापर्यंत लाल झाला, ताप आला, आठ दिवस ती पडून राहिली. उठल्यावर मेच्या मध्यात पिशोरला गेली. घर माहीत नव्हतं. ‘डोक्यावर केस नसलेली लक्ष्मीबाई’ म्हणून विचारत विचारत तिनं घर काढलं.

कडूबा ओट्यावर बसला होता. “सात वेळा लावला तुमचा फोन,” तो म्हणाला. “बंद. दुसऱ्या दिवशी परत बंद. आमाला वाटलं, तुमचंच काही बरंवाईट झालं. मंग आई म्हनली, ती बाई कापून घेऊन वाचली असती तर फोन उचलला असता.”

राजाबाई खाली बसली. लक्ष्मीबाई आतून पाणी घेऊन आली. तिच्या डोक्यावर बोटभर केस आले होते, तोंडावर तेज होतं. एका वैदूची मुळी चालू होती. “मला आता काईच नाय,” ती म्हणाली. “गाठ हाताला लागत नाय.”

“ती केमोनं बसलीय. परत येती ती. ऐक माझं.”

त्या दिवशी लक्ष्मीबाई आली नाही. राजाबाई आणखी दोनदा गेली. तिसऱ्या वेळी, जूनच्या शेवटी, लक्ष्मीबाईच म्हणाली की पाठ लई दुखते, रात्री कूस बदलता येत नाही. पुन्हा तपासण्या झाल्या. आजार मणक्यात आणि लिव्हरमध्ये गेला होता. डॉक्टरांनी राजाबाईला बाजूला घेऊन सांगितलं. बाहेर येऊन ती कडूबाला सांगायला लागली, तर त्यानं हात वर करून थांबवलं. “कळलं,” म्हणाला.

त्याच दिवशी दुपारी राजाबाई माझ्या ऑफिसात आली. सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. शेवटी विचारलं, “ते नंबर तुमी लिवले व्हते का, ताई?”

मी नाही म्हटलं.

ती मान हलवून उठली. मी दारापर्यंत जाऊन तिला थांबवलं.

मग मी फोन चालू केला आणि आम्ही दोघींनी मिळून बाकीच्या दहाजणींना शोधलं. पाचजणींचे उपचार पूर्ण होत आले होते, त्यांना शिकलेली मुलं होती, शहरात नातलग होते. तिघींनी मध्येच सोडले होते. त्यांतल्या दोघी परत यायला तयार झाल्या. पाचोडची साळूबाई मेमध्येच वारली होती. एकीचा पत्ताच लागला नाही.

लक्ष्मीबाई ऑक्टोबरमध्ये गेली. शेवटचे पंधरा दिवस राजाबाई एक दिवसाआड पिशोरला जात होती. वेदनेचं औषध रुग्णालयातून मिळायचं, ते कसं, किती द्यायचं हे तिनं कडूबाच्या आईला शिकवलं. म्हातारी आता तिच्याशी बोलायला लागली होती. एकदा तिनं विचारलं, तारखेला नेली असती तर वाचली असती का? राजाबाईनं मला सांगितलं, “मी म्हनले, म्हाईत नाय. खोटं काय बोलू? पर मला वाटतं, वाचली असती.”

मी कडूबाला विचारून ही सगळी हकिगत लिहून काढली आणि निधी देणाऱ्या चार ठिकाणी पाठवली. माझी चूकही लिहिली. तीन ठिकाणांहून उत्तर आलं नाही. चौथ्या विश्वस्त संस्थेनं एक वर्षासाठी निधी मंजूर केला, एकाच सोबतीणीपुरता. त्यांची अट बारावी पासची होती. त्यावर दोन महिने पत्रं चालली, तेव्हा त्यांनी ती सोडली.

मंजुरीचं पत्र घेऊन मी देवगावला गेले. अजिनाथ मेंढरं घेऊन गेला होता. राजाबाईनं पत्र हातात धरलं, परत दिलं आणि म्हणाली, “कवापस्तोर हाय?”

“पुढच्या जानेवारीपर्यंत.”

ती बोटांवर महिने मोजायला लागली. एका बाईच्या उपचाराला, सगळं धरून, आठ महिने जातात.

“मंग नवी बाई आली तर कवापस्तोर घेऊ? मे? जून?” तिनं विचारलं. “जूनला आली तिला काय सांगू, खिडकीपाशी?”

मी म्हटलं, पुढच्या निधीसाठी मी आत्तापासूनच लिहायला लागते.

“लिवा,” ती म्हणाली. “पर मला बाया तर रोजच दिसनार.”

दुसऱ्या सोमवारी ती कामावर आली. पहिल्याच दिवशी तिनं नव्या तिघींची नावं लिहून घेतली.