रिकाम्या सीटचा पट्टा

ब्रिस्टलजवळच्या फ्लाइंग क्लबमध्ये मी विमानं धुतो. नववीत शाळा सुटलेल्या मला हे काम एका युक्रेनियन काकांनी शिकवलं, हे त्यांचे उपकारच. रिकाम्या सीटचाही पट्टा ते लावतात, वर ओढून बघतात.

“काका, बसलंय कोण?” मी भीतभीतच विचारलं.

“मोकळा पट्टा विमान वळवायच्या दांड्यात, स्टिकमध्ये अडकतो, बॉस. माझ्या सगळ्या पोरांना पाठ होतं.”

तिकडे ते विमान चालवायला शिकवायचे. ती पोरं आज कुठे आहेत, काकांना माहीत नाही. काकांचं छोटं विमान युक्रेनच्या सैन्याने घेतलं. तशा विमानांत बॉम्ब भरून, पायलटशिवाय, खूप लांब पाठवतात. ती परत येत नाहीत.

काल त्याच विमानाचा, निघण्यापूर्वीचा व्हिडिओ काकांच्या फोनवर आला. काकांनी चित्र मोठं केलं. सीट रिकामी होती, पण पट्टा लावलेला होता.

“एक तरी पोर जिवंत आहे, बॉस,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे फडकं मागितलं.