आधीच ‘लिहिलं’ सांगणारा

आपलं सांगून संपायच्या आत तो दोन बोटं वर करायचा आणि म्हणायचा, “झालं समजा, बाई.” तेव्हा तो खुर्चीतून उठलेलाही नसायचा. पंखा बंद पडलेला असो की छपाईचं यंत्र, झालं समजा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यावर रागावता येत नाही, कारण बऱ्याचदा ती काम करूनही टाकतात.

धानोऱ्याकडच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात तो संगणकाचं काम पाहायला चंद्रपूरहून आला. मी तिथं झाडलोट करते. शिक्षण चौथीपर्यंत. सर्व्हरच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असायची, कारण त्या खोलीत धूळ चालत नाही आणि मी धूळ ठेवत नाही.

तो आला तेव्हा सर्व्हर फार हळू चालायचा. चिठ्ठीच्या खिडकीवरची पोरगी पेशंटचं नाव टाकायची आणि ते सापडेस्तोवर रांगेतल्या दोन बाया आपसात भांडून मोकळ्या व्हायच्या. त्यानं जुन्या गुरगुरणाऱ्या डिस्क काढल्या आणि दोन नव्या तऱ्हेच्या डिस्क, एसएसडी, आणल्या. बसवायच्या आधी एक माझ्या तळहातावर ठेवली. साबणाच्या वडीहून पातळ, वजन काहीच नाही.

“याच्यात फिरतं काईच नाई, बाई. म्हणून पटकन सापडते. आन् दोघींतही सारखंच लिहीन. एक मेली तं दुसरी आहे.”

“सवती नांदवून राह्यला काय?”

तो इतका हसला की हातातला स्क्रू पडला. मीच शोधून दिला.

आमचं घर मासेमारीचं. मंगळवारी मी तलावाची मासळी रांधून न्यायची. तो बारीक काटेही चावून खायचा आणि म्हणायचा, “माह्या मायच्या हातालेही अशी चव नाई.” खोटं होतं. ऐकायला बरं वाटायचं.

खिडकी भरभर चालायला लागली. डॉक्टरीणबाईंनी त्याला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. शाबासकीची चव लागली की माणूस आणखी मागतो. एकदा मी फरशी पुसत होते आणि तो सर्व्हरसमोर बसला होता. त्यानं आपणहून सांगितलं, “आतापावतर हा डिस्कवर लिहून झाल्यावरच सांगे, लिहिलं. आता मी त्याले म्हटलं, पहिले सांगून दे, मंग आरामात लिही. पाहा कसा पळते!”

“आन् मधातच लाइन गेली तं?”

“बॅटरी आहे ना.”

“ते बॅटरी दोन मिनिटं टिकत नाई. मी रोज पाहून राह्यली.”

“नवी येऊन राह्यली. बाई, तुम्ही इंजिनियर व्हायले पाहिजे होतं!”

मी फुलले. आता त्याची लाज वाटते.

पुढे सिकलसेलच्या रक्ततपासणीचं शिबिर झालं. माझ्या गावच्या बाया सुईला भितात. मी घरोघर जाऊन सांगितलं, तेव्हा त्या पोरींना घेऊन आल्या. तो म्हणाला, वही कशाला, सगळं थेट संगणकात जाऊ द्या. दुपारी वादळ आलं. लाइन गेली, मागोमाग बॅटरीनं मान टाकली. लाइन परत आली तेव्हा नोंदी उघडेनात. शेवटी त्यानं आदल्या दिवशीची नक्कल चढवली. शिबिराचा पूर्ण दिवस तिच्यात नव्हता.

डॉक्टरीणबाई व्हरांड्यात आल्या. “कसं झालं हे?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. “बाईनं पुसताना वायर हलवली, मॅडम. मी गेलो तं निघालेली होती.”

मी म्हटलं, “मी आज त्या खोलीत गेलीच नाई. यानं सर्व्हरले न लिहिताच लिहिलं म्हणायले शिकवलं. यानंच मले सांगतलं.”

चौथी शिकलेल्या बाईच्या तोंडी हे कसं वाटलं असेल, तुम्हीच पाहा. मागून कोणीतरी हसलं. किल्ली त्याच दिवशी काढून घेतली.

पोरींना पुन्हा बोलावलं, तर अर्ध्याच आल्या. माझ्या शेजारची बाई रांगेतून ओरडली, “वायर दिसत नाई तं घरी बस ना, बुढे! माह्या पोरीचं रगत दोनदा काढलं तुह्यापायी!”

मी त्याला एकट्याला गाठलं. “खरं सांगून दे, भाऊ.”

“माही नोकरी जाईन, बाई. तुमाले कोणी काढून नाई राह्यलं. तुमचं काय जाते?”

माझा गावात एक शब्द चालत होता. तो गेला. दुसरं माझ्याजवळ होतं काय?

महिनाभरानं नागपूरहून सर्व्हर तपासायला दुसरा माणूस आला. त्यानं तासाभरात ती आधीच ‘लिहिलं’ सांगायची सेटिंग शोधून दाखवली. बॅटरीच्या यंत्रातही वेळेसकट नोंद होती, की लाइन गेली आणि दोन मिनिटांत बॅटरी संपली. वायर कोणी हलवलीच नव्हती. डॉक्टरीणबाईंनी माझी माफी मागितली आणि त्याला काढून टाकलं. गावात मात्र कोणी सांगायला गेलं नाही. मी सांगितलं तर म्हणायचे, तू तं असंच म्हणशील.

तो निघाला त्या दिवशी मी अंगण झाडत होते. तो पाठीवरच्या पिशवीसकट पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले.

“चुकलं, बाई.”

“मले काऊन सांगतं? माह्या गावात जाऊन सांग. शेजारणीच्या दारात उभा राहून सांग.”

“जातो, बाई. आत्ताच जातो.”

फाटकाबाहेर गडचिरोलीची गाडी लागली होती. तो तिच्यात चढला. माझं गाव उलट्या बाजूला आहे.