खोटी टकटक

हे अजून माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेलं नाही. बायकोजवळही नाही — आणि ती तर चारचौघांत सांगते, आमचे हे काही लपवत नाहीत म्हणून.

मला जन्मापासून दिसत नाही. कॉम्प्युटर मी कानांनी वापरतो. पडद्यावरचा मजकूर स्क्रीन रीडर वाचून दाखवतो. एका पानावर दहा याद्या असल्या, तर खालचा बाण दाबत एकेक ओळ ऐकत बसावं लागतं. किंवा — एल दाबायचं, थेट पुढची यादी. आय दाबायचं, यादीतली पुढची नोंद. एवढंच. कॉम्प्युटरच्या वर्गातल्या आमच्या सरांनाही ते ठाऊक नव्हतं. माझं मलाच सापडलेलं. त्याचा केवढा तोरा होता मला!

शिवाजी पेठेतल्या त्या वर्गात माझ्या शेजारी सुरेखा बसायची. तीही अंध. पेठ वडगावहून रोज एसटीनं यायची, मला दादा म्हणायची. घरून भाजलेल्या शेंगा आणायची आणि अर्ध्या माझ्या हातावर ठेवायची. — हे का सांगतोय मी? मुद्द्यावर यायला पाय ओढतोय, दुसरं काय.

एका कंपनीत आम्हा दोघांपैकी एकालाच घेणार होते. परीक्षा अशी, की लांबलचक पानावरून सांगितलेल्या नोंदी वेळेत शोधून काढायच्या. सराव करताना एक दिवस ती थांबली. तिचे कान फार तिखट.

"दादा, तुझी बटणं लई कमी वाजत्यात. काय दाबतोस तू?"

काय बिघडलं असतं सांगितलं असतं तर? दोन अक्षरं तर होती. मी म्हणालो, सवयीचा भाग आहे, तू बाण दाबत राहा, हात बसेल.

आणि — हे सांगायला जास्त जड जातंय — मी तेवढ्यावर थांबलो नाही. त्या दिवसापासून नोंद सापडल्यावरही मी खालचा बाण टकटक दाबत राहायचो. तिला ऐकू जावं म्हणून. मी एका आंधळ्या मुलीला तिच्या कानांत फसवलं. स्वतः आंधळा असून. त्याशिवाय ते सुचलं तरी असतं का?

परीक्षेत शेजारून तिचा बाण शेवटपर्यंत वाजत होता. माझं कधीच झालं होतं. मी हात मांडीवर ठेवून ऐकत बसलो होतो. नोकरी मला लागली. मी पेढे वाटले, तिलाही दिला. ती वडगावला भावाच्या पिठाच्या गिरणीत बसायला लागली. अजून तिथंच आहे, गिरणीचा हिशेब कॉम्प्युटरवर ठेवते.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. आनंद आवाजात मावत नव्हता.

"दादा, कॉम्प्युटरपुढं हाईस का? मला एक बटण घावलंय. एल दाबलं की सरळ यादीवरच जातंय. तुला ठावं हाय?"

तेव्हा तरी? तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना?

"न्हाय की," मी म्हणालो.

मग तिनं मला शिकवलं. दहा मिनिटं, सावकाश, न कंटाळता. आधी एल, मग आय. तुझ्या कामाला येईल म्हणून पहिला फोन तुलाच केला, म्हणाली. मी फोन कीबोर्डजवळ धरला. तिला ऐकू जाईल असं एल दाबलं, मग आय. जमलं, म्हणालो.

ती म्हणाली, शाबास.