भिकन नानांची तीन रिव्हर्सची जीप

भिकन नानांनी गाडी खोलून पुन्हा जोडली की चार-दोन नटबोल्ट उरायचेच. नाना ते फेकत नसत. गॅरेजच्या कोपऱ्यात तेलाचा एक मोठा डबा होता, त्यात टाकत. मी समोरच लेथ चालवायचो, त्यामुळे तो डबा माझ्या डोळ्यांदेखत तीनदा भरला. त्यातल्या सामानात एखादी अख्खी गाडी उभी राहिली असती आणि तिच्यातूनही नानांनी पसाभर उरवलं असतं. एखादं गिऱ्हाईक घाबरून विचारायचं, नाना, हे कुठलं राहिलं? नाना बोल्ट त्याच्या नाकासमोर धरून म्हणत, "कंपनीले अक्कल कमी शे नि लोखंड जास्त."

धुळ्याच्या आग्रा रोडवर नानांचं गॅरेज म्हणजे कडुनिंबाचं एक झाड आणि त्याखालची काळी जमीन. तेल पिऊन पिऊन ती जमीन इतकी गुळगुळीत झाली होती की पावसाळ्यात कुत्रीसुद्धा तिथून घसरत जायची. नानांना चूक सांगायची सोय नव्हती. एकदा एकाने नम्रपणे सांगितलं, नाना, ब्रेक लागत नाही. नाना म्हणाले, "धीरे चालाड मंग." गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. पुन्हा काही ते दिसलं नाही. त्याचा अर्थ ब्रेक सुधारला, असा नाना लावत.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा शिरपूरकडचे एक आबा आपली जीप घेऊन आले. लष्कराच्या लिलावातली जुनी पेट्रोल जीप. तिचा पिण्याचा सपाटा असा, की शिरपूरहून निघाली की धुळ्यापर्यंत प्रत्येक पंपवाला तिला उठून नमस्कार करायचा. आबांची शेती सातपुड्याच्या पायथ्याला, रस्ता म्हणजे नुसते दगड. जीप तर हवीच, पण पेट्रोल परवडेना. त्यांनी एका उलटलेल्या टेम्पोचं जवळजवळ नवंकोरं डिझेल इंजिन मिळवलं होतं आणि सोबत त्याचा मागचा एक्सलही आणला होता. डिझेल इंजिन जुन्या एक्सलवर रांगत चालतं, एवढं आबांना माहीत होतं. आता हे सगळं जीपमध्ये बसवायचं.

गल्लीच्या टोकाला नुकतंच एक नवं वर्कशॉप निघालं होतं. मालक डिप्लोमावाला. शर्ट आत खोचलेला, खिशाला पेन. चहाच्या टपरीवर तो सहज म्हणाला, की एवढं वजन या जुन्या गाडीला झेपायचं नाही, लळिंगचा घाटसुद्धा चढणार नाही ती. टपरीवर तेव्हा पंधरा माणसं होती. नानांनी बशी खाली ठेवली.

"गाडी लळिंग नही चढनी, ते मी पाना सोडी देसू."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट पारोळा नाक्यापर्यंत पोचली. चाळीस वर्षं हातात पाना धरलेला माणूस, आणि पणाला काय लावलं, तर तोच पाना.

काम सुरू झालं. नव्या इंजिनाला जुना गिअरबॉक्स जुळावा म्हणून मधली प्लेट मी लेथवर करून दिली. इंजिन आडदांड निघालं, बॉनेट मिटेना. नानांनी बॉनेटला गवाक्ष पाडलं. रेडिएटर पुढे सरकवला, तो इतका, की जीप जीभ काढून उभी आहे असं वाटायचं. मग एक्सलची पाळी आली. टेम्पोच्या स्प्रिंगच्या पाट्या एक्सलच्या वर बसायच्या, जीपच्या खाली. त्यासाठी त्या पाट्या टेकायच्या एक्सलवरच्या बैठका कापून दुसऱ्या बाजूला वेल्डिंग करायच्या होत्या. नानांनी विचार केला, कापाकापी कशाला? त्यांनी सबंध एक्सलच पालथा घातला. बैठका आपोआप खाली आल्या. नाना स्वतःवर इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

तो चहा पिताना मी वाकून पाहिलं. ज्या बोल्टातून तेल खाली काढायचं, तो आभाळाकडे बघत होता. एक्सल पालथा म्हणजे चाकं उलटी फिरणार, हे लेथवाल्याला कळायला वेळ लागत नाही. टपरीवाल्यालाही मी सांगितलं, त्याने आणखी दोघांना सांगितलं. नानांना कुणीच सांगितलं नाही. आठ दिवस आम्ही गालातल्या गालात हसत काढले. असा तमाशा फुकटात कोण सोडतो?

ठरलेल्या दिवशी निम्मं धुळं कडुनिंबाखाली होतं. नानांनी नारळ फोडला, पहिला गिअर टाकला, आणि जीप रुबाबात मागे गेली. टपरीचं बाकडं आडवं झालं. नानांनी दुसरा टाकला. जीप आणखी वेगाने मागे. तिसऱ्यात तर तिने अशी झेप घेतली की मागची गर्दी गटाराच्या पलीकडे गेली. शेवटी रिव्हर्स टाकला, तेव्हा कुठे ती पुढे सरकली. तीन रिव्हर्स आणि एक पुढचा, अशी जीप बहुधा जगात ती एकच. डिप्लोमावाला भिंतीला टेकून हसत होता. हसता हसता त्याचा शर्ट बाहेर आला.

नानांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"घाट चढानं ठरनं व्हतं. तोंड कथं ऱ्हाई, ते कोन्ही बोलनं नव्हतं."

मग ती वरात निघाली. लळिंगच्या पायथ्यापर्यंत जीप त्या एकुलत्या पुढच्या गिअरवर गेली. वाटेत एका बैलगाडीने आम्हाला मागे टाकलं, आणि बैलांनी वळून पाहिलं. पायथ्याशी नानांनी जीप फिरवली, मान पिळून मागे बघत पहिला गिअर टाकला. मागच्या बाकावर बसलेले आबा आता सगळ्यांच्या पुढे होते, दोन्ही हातांनी दांडा धरून, डोळे मिटून. मागून एक ट्रक चढत होता. ड्रायव्हरला समोरून अंगावर येणारी जीप दिसत होती आणि ती काही केल्या येऊन पोचत नव्हती. त्याने ट्रक बाजूला घेतला आणि उतरून तोंडावर पाणी मारलं.

जीप चढली. एकदाही न थांबता, न तापता, पाठमोरी. माथ्यावर लोकांनी नानांना उचलून घेतलं. डिप्लोमावाल्याने पुढे होऊन हात मिळवला, इंजिन बाकी झकास बसवलंत म्हणाला. ते खरंच होतं.

गर्दी पांगल्यावर नाना माझ्याजवळ आले.

"भाऊ, तुले दखायनं व्हतं ना?"

मी खाली बघत म्हणालो, नाना, तुम्ही कुणाचं ऐकता कुठे?

"मी कोन्हं ऐकस नही, हाई बठ्ठासले ठाऊक शे," नाना म्हणाले. "पन मनी गल्लीमां माले कोन्ही सांगस नही, हाई आज समजनं."

पुढच्या चार दिवसांत त्यांनी एक्सल सुलटा करून दिला. बैठका कापल्या, वेल्डिंग केलं, सगळं केलं. ती जीप पुढे कैक वर्षं आबांच्या दगडी रस्त्यांवर पळाली. पाचव्या दिवशी नाना पान्यांची पेटी डोक्यावर घेऊन डिप्लोमावाल्याच्या दारात गेले आणि तिथे ठेवून आले. सगळ्यांनी समजावलं, नाना, पैज तुम्ही जिंकलात. नाना एवढंच म्हणाले, "गाडी चढनी. मी नही चढनू." आणि एरंडोलजवळच्या आपल्या गावी निघून गेले.

पाच-सहा वर्षांनी नाना वारल्याचं कळलं. डिप्लोमावाला आणि मी एकाच स्कूटरवरून त्यांच्या दारावर बसायला गेलो. ओटीवर बरीच माणसं होती. नानांच्या मुलाने सगळ्यांच्या देखत मला विचारलं, "काका, बाबांनी तो एक्सल मुद्दाम उलटा बसवला होता, असं लोक म्हणतात. खरं का?"

मी आयुष्यभर थापा मारल्या आहेत, पण त्या दिवशी मी समोरचा तांब्या उचलून पाणी प्यायला लागलो.

तेवढ्यात शेजारून डिप्लोमावाला म्हणाला, "मुद्दामच. मी होतो ना तिथे."