धाकटीला लागू नसलेला नियम

परळच्या गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, असलेल्या माणसाची मी धाकटी बायको. थोरलीला मूल होईना म्हणून मला आणली, आणि मला पाहायला माझ्या गावी थोरलीच आली होती. सवतीचे वैर आमच्या घोडपदेवच्या खोलीत कधी शिरले नाही. तेवढ्याशा खोलीत दोघींना रुसून बसायला कोपरा तरी कुठे होता? मुलगी झाली ती माझ्या पोटी, पण तिला न्हाऊमाखू घातले थोरलीने.

पुढे मुलीच्या वडिलांनी ख्रिस्ताची कास धरली. मी त्यांना मुलीचे वडील म्हणते, कारण 'आमचे हे' म्हणायची मला बंदी झाली आणि नाव घ्यायला जीभ वळत नाही. चाळीच्या आवारात मिशनचे लोक गात, उपदेश करत, तो ऐकून त्यांनी दारू सोडली, आमच्यावर हात उगारणे सोडले. अशा देवाच्या मागे जायला आम्हा दोघींची काय हरकत असणार? हरकत मिशनची निघाली. ज्याला दोन बायका असतील त्याने पहिली ठेवावी, दुसरीला सोडावे, मगच बाप्तिस्मा, असा तेव्हाचा नियम होता. सोडलेलीच्या पोटापाण्याचे मिशन बघणार होते.

मला कोणी ढकलले नाही, हे मुद्दाम सांगते. माझ्यापायी त्यांचे तारण अडायला नको, असे मलाच वाटले. आमच्या धर्मगुरूंनी, पाळकांनी, मला मंडळीसमोर, म्हणजे आमच्या देवळातल्या सगळ्या ख्रिस्ती माणसांसमोर, उभे केले. मी गळ्यातली काळी पोत काढून मुलीच्या वडिलांच्या हातावर ठेवली आणि 'आजपासून हे माझे धनी नव्हेत' असे मोठ्याने म्हटले. केवढी वाखाणणी झाली माझी! मग त्याच सकाळी आम्हा तिघांचा बाप्तिस्मा झाला. ती दोघे मुलीला घेऊन घोडपदेवला गेली आणि मी गिरगावात मिशनने एकट्या बायकांसाठी चालवलेल्या घरात गेले. तिथे लेकरांना जागा नव्हती, आणि मूल बापाचे हे तर आमच्याकडे ठरलेलेच.

तिथे मला अक्षरओळख झाली. मला बायबलबाई केले, म्हणजे चाळीचाळींतून बायकांना शास्त्र वाचून दाखवायचे काम दिले. दुपारी बायका तांदूळ निवडत ऐकायच्या, आणि एखादी हमखास विचारायची, बाई, तुमचे घर कुठे? मी गिरगाव सांगून पान उलटत असे. माहेरी जातीबाहेर गेलेली म्हणून मी मेल्यातच जमा होते. मुलगी रविवारी दिसायची, थोरलीच्या मांडीला टेकून बसलेली. एका मुलीला दोन आया शोभत नाहीत असे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांनी ठरवल्यामुळे ती मला मावशी म्हणायला शिकली होती. उपासना संपली की थोरली काहीतरी निमित्त काढून तिला माझ्यापाशी सोडून जाई. तेवढ्यात मी तिची वेणी सोडून पुन्हा घालत असे, चांगली असली तरी.

अशी वर्षे गेल्यावर एका रविवारी पाळकांनी नवा नियम वाचून दाखवला. मिशनच्या साहेबांनी आणि आपल्या पाळकांनी मिळून पुष्कळ विचार केला होता म्हणे. बाप्तिस्म्यासाठी बायकोला सोडायला लावणे हा त्या स्त्रीवर अन्याय आहे. यापुढे कोणाला तसे करायला लावू नये, कोणी आपल्या मनानेही बायको सोडू नये. मात्र दोन बायकांच्या नवऱ्याला मंडळीचा पंच करू नये. अन्याय! इतकी वर्षे ज्याला माझे पुण्य म्हणत होते, ते हेच की! पुढच्या बाकावरून थोरलीने मागे वळून पाहिले, ती रडत होती. दुसऱ्याच दिवशी तिने माझ्या लुगड्यांसाठी पेटी रिकामी केल्याचा निरोप धाडला. मीही गाठोडे बांधले.

ते गाठोडे तसेच राहिले. पाळकांनी मला बोलावून समजावले. माणूस दुष्ट नव्हता, म्हणूनच जास्त संताप येतो. ते म्हणाले, बाप्तिस्म्याच्या घटकेला मुलीच्या वडिलांना बायको एकच होती, कारण तू त्याआधीच पोत काढून दिली होतीस. आज तुला घरात घेतले तर ख्रिस्ती झाल्यावर दुसरी केल्यासारखे होईल, आणि ते पाप आहे. मी विचारले, मग अन्याय झाला म्हणता तो कोणावर?

शेजारच्या चाळीतला एक विणकर दोघींपैकी एकीलाही सोडायला तयार नव्हता, म्हणून तो इतकी वर्षे मंडळीबाहेर राहिला होता. त्याच्या हट्टीपणाबद्दल आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केल्या होत्या. आता तो दोन्ही बायकांना घेऊन बाप्तिस्म्याला उभा राहिला. त्या दोघींना प्रार्थना शिकवायला मिशनने मलाच पाठवले. मी शिकवली, पण आतून नुसती जळत होते. ज्याने ऐकले नाही त्याचे घर शाबूत राहिले, आणि आम्ही ऐकले म्हणून मी बाहेर.

एकच वाट उरली होती. मुलीच्या वडिलांनी पंचांच्या सभेत येऊन 'मी हिला मनाने कधी सोडले नव्हते, हिला बायको म्हणून परत मागतो' असे म्हटले, तर पाळक ते पुन्हा साहेबांपुढे ठेवणार होते. अडचण एवढीच की ते स्वतः आता पंच होते. गिरणीतला जॉबर मंडळीत मानाने पुढच्या खुर्चीवर बसू लागला होता.

सभेच्या दिवशी थोरली आणि मी दाराशी बसलो. पाळकांनी त्यांना सरळ विचारले. ते उठले, जमिनीकडे बघत म्हणाले, "मंडळी ठरवील ते मला मान्य आहे."

घरी ते कधी अशी पुस्तकी भाषा बोलत नसत. नको म्हणाले असते तरी मी सोसले असते. निदान तो त्यांचा शब्द झाला असता. हे बोलणे म्हणजे नुसते अंग काढून घेणे. मला त्यांची इतकी शिसारी आली की परत जायची इच्छाच मेली असती, पण मुलगी त्या घरात होती.

तेवढ्यात थोरली उठून उभी राहिली. पंचांच्या सभेत बाईने बोलायची रीत नव्हती.

"मगे माका सोडा," ती म्हणाली, "आणि तिका घरात घेवा. पोर तिचा आसा."

पाळकांनी तिला फार मायेने सांगितले, "बाई, आता कोणालाही बायको सोडता येत नाही. नवा नियम तोच तर आहे."

सभा संपली. थोरलीने माझा हात धरला तो सोडलाच नाही. जेवल्याशिवाय तुला जाऊ देणार नाही म्हणाली. आम्ही दोघी भर उन्हात पायीच घोडपदेवला गेलो. मुलगी पदर घेण्याइतकी मोठी झाली होती, चुलीशी वावरत होती. मी दारात दिसताच तिने पाट मांडला, पाण्याचा तांब्या भरून ठेवला, बांगड्याच्या कढीतली मधली चांगली तुकडी काढून माझ्या ताटात वाढली. पाहुण्याला करावे ते सगळे तिने नीट केले. थोरलीने तिला चांगले वळण लावले होते. मी ताटाला हात लावला नाही. तिला वाटले मी संकोच करते आहे.

"मावशी, लाजू नको गो," ती म्हणाली. "आपलाच घर समज."

थोरलीने तोंड भिंतीकडे फिरवले. मी बरे म्हणाले आणि भात कालवू लागले.