दुसरीच्या कार्डावर

आम्ही सफाई करायचो त्या कंपनीच्या इमारतीत आम्हा बायकांची एक पद्धत होती. एकीला सण असला की दुसरीने तिचं कार्ड घेऊन तिच्या पाळीला जायचं. मी विश्रांतवाडीची, बौद्ध घरातली. जयंतीच्या दिवशी मला कामावर जा म्हणणाऱ्याची धडगत नव्हती. माझी मैत्रीण विदर्भातली, नवऱ्यामागे पुण्यात आलेली, आमच्याच मागच्या गल्लीत भाड्याने राहायची. तिच्या सासरी, अकोल्याकडच्या गावात, महालक्ष्म्या बसायच्या आणि रांधायला धाकट्या सुनेने हजर राहिलंच पाहिजे असा सासूचा हुकूम होता. जयंतीला ती माझ्या कार्डावर जायची, महालक्ष्म्यांना मी तिच्या. दारातल्या यंत्राला कार्ड टेकवलं की हिरवा दिवा लागायचा. आत कोण शिरलं याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. कार्डावर फोटो होते, पण ते इतके काळे आले होते की माझ्या नवऱ्यालाही त्यातली बायको ओळखू आली नसती.

हे सुपरवायझरला ठाऊक होतं. ठाऊक काय, त्याच्या सोयीचंच होतं. कंत्राटदाराला कंपनीकडून माणशी पैसे मिळत, तेव्हा रोज माणसं पूर्ण दिसली की झालं. रजा मागायला गेलं की तो म्हणायचा, "अवश्य जा. तुमच्या सणांपुढे कंपनी म्हणजे किरकोळ गोष्ट. कार्ड तेवढं कुणाकडे तरी देऊन जा." आम्ही हसायचो. तो आपल्याला सांभाळून घेतो असं वाटायचं.

माझ्या नवऱ्याचा कारखाना बंद पडला त्याच सुमारास येरवड्याच्या पुढे या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. पुणं बदलतंय असं पेपरात सारखं छापून यायचं. आमच्या घरात एवढाच बदल झाला की तो घरी बसला आणि मी बाहेर पडले. गळ्यात पट्टा अडकवलेली पोरंपोरी यायच्या आत सगळे मजले चकाचक करायचे, आणि ती आली की आपण दिसायचं नाही, हे माझं काम. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. स्वतःच्या पगाराचं सुख मला उशिरा मिळालं होतं.

त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी शनिवार होता. मैत्रीण आदल्या दिवशीच गावी गेली होती आणि माझी सुट्टी असूनही मी तिच्या कार्डावर वर आले होते. कंपनीला सुट्टी, त्यामुळे चौथ्या मजल्यावर मी एकटीच. मीटिंगच्या खोलीत नवं टेबल आलं होतं आणि त्याची जाडजूड काच भिंतीला टेकवून उभी केली होती. सुपरवायझरने दारातूनच सांगितलं की काच जरा सरकवून मागची फरशीही पुसून घ्या. ते दोन माणसांचं काम होतं, आणि मी तसं म्हणालेही. तो म्हणाला, "अहो बाई, सरकवायची आहे, डोक्यावर घेऊन नाचायचं नाहीये." मग तो खाली गेला आणि मी काच सरकवायला घेतली.

ती माझ्याच अंगावर कलली. मी उजवा हात पुढे केला, काच भिंतीच्या कोपऱ्यावर आपटून फुटली आणि मनगटाच्या आतल्या बाजूने मला कापत गेली. दुखलं नाही आधी. बोटं मिटायला गेले तर ती मिटेनात, तेव्हा मी घाबरले.

रिक्षात सुपरवायझर माझ्या शेजारी बसला होता. पुसायच्या फडक्यांनी माझा हात त्यानेच बांधला होता, आणि तो फार गोड बोलत होता. दवाखान्यात सांगायचं, घरी आरसा फुटला. कामावर लागलं म्हटलं की चौकशी होणार, चौकशी झाली की कार्ड कुणाचं हे निघणार, आणि मग गावी गेलेल्या त्या बिचारीची नोकरी जाणार. खर्चाची काळजी करू नका, आम्ही आहोत. मला तेव्हा माझ्या हातापेक्षा तिची नोकरी मोठी वाटली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी आरसा म्हणाले, आणि त्यांनी तसंच लिहून घेतलं.

मैत्रीण गावाहून परतली ती थेट वॉर्डात आली. माझा बांधलेला हात मांडीवर घेऊन इतकी रडली की शेजारच्या खाटेवरच्या बाईने तिला पाणी दिलं. तिने माझे केस विंचरले, पुरणपोळी दुधात कुस्करून मला चमच्याने भरवली. मी आरशाचं सांगितलं तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, "माह्या पायी खोटं बोलली तू. येक दिवस मी खरं सांगीन वं. तुहा हात हाये तो, माह्यासाठी गेला." तिचा शब्द मी पक्का धरून चालले.

मनगटातले बोटं ओढणारे दोर तुटले होते, ते शिवले. मग हाताला फळी बांधलेले आठवडे, मग व्यायाम. व्यायाम म्हणजे काय, तर स्पंजचा चेंडू दाबायचा, परातीतले वाटाणे चिमटीत धरून वाटीत टाकायचे. पन्नाशीला टेकलेली बाई बालवाडीत गेल्यासारखी बसायची. अंगठा आणि पहिलं बोट परत आलं. बाकीची तीन अर्ध्यावर येऊन थांबली, ती आजही तिथेच आहेत. भाकरी थापता येत नाही, फडकं पिळता येत नाही. नवरा कणीक मळायला शिकला.

आम्ही आहोत म्हणणारा सुपरवायझर दोनदा आला, फळं घेऊन. तिसऱ्यांदा मीच इमारतीत गेले, तर दरवाज्यावरच्या माणसाने आत सोडलं नाही. माझं नाव यादीतून काढलेलं होतं. सुपरवायझर बाहेर येऊन म्हणाला की घरी आरसा फुटला, वाईट झालं, पण त्यात कंत्राटदाराचा काय संबंध? हे त्याने माझ्या डोळ्यांत बघून म्हटलं. त्याचंच वाक्य होतं ते, फक्त आता माझ्यावर उलटलेलं.

मग वस्तीतल्या ओळखीने एका वकिलांकडे गेले. त्यांनी भरपाईचा अर्ज कामगार कोर्टात लावला, पण अडचणही स्पष्ट सांगितली. दवाखान्याचा कागद म्हणतो, घरी लागलं. यंत्र म्हणतं, त्या दिवशी तुम्ही कामावर नव्हताच, तुमची मैत्रीण होती. चौथ्या मजल्यावर तुम्हाला पाहणारा फक्त सुपरवायझर, आणि तो पलीकडच्या बाजूचा. आता त्या मैत्रिणीने उभं राहून 'मी गावी होते' एवढं सांगितलं तर केस उभी राहील, नाहीतर नाही. मी म्हटलं, ती सांगेल. वकिलांनी पुन्हा विचारलं, खात्री आहे? मला त्यांचा राग आला होता तेव्हा.

तारीख लागेपर्यंत वर्ष उलटून गेलं. त्या काळात ती येत राहिली, पण येणं विरळ होत गेलं. काम वाढलंय म्हणायची. मी कोर्टाचा विषय काढला की "हो वं, सांगतो न" म्हणायची आणि चहाचे कप विसळायला उठायची. माझ्या घरचे कप, माझ्याच मोरीत. मला त्यातही तिची मायाच दिसायची.

कोर्टात ती निळी साडी नेसून आली होती, कंत्राटदाराच्या माणसाबरोबर. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. आमच्या वकिलांनी विचारलं, त्या शनिवारी आपण कुठे होता?

"ड्युटीवर."

वकिलांनी पुन्हा विचारलं, गावी सण होता ना, सासरी महालक्ष्म्या बसतात ना? ती म्हणाली, बसतात, पण त्या वर्षी जायला जमलं नाही. मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, या बाईंना ओळखता?

"ओळखते. आमच्या पुढच्या गल्लीत राहतात त्या."

जिने मला चमच्याने भरवलं, तिच्या तोंडी मी पुढच्या गल्लीतल्या कुणी बाई झाले होते. ज्या देवीसाठी ती दरवर्षी रात्रभर एसटीत बसून जायची, तिच्याही बाबतीत ती शपथेवर खोटं बोलली. मला हसू आलं, खरंच, आणि वकिलांनी मला दटावलं.

जिन्यात मी तिला गाठलं. तिच्याबरोबरचा माणूस पुढे गेला होता. मी काही बोलायच्या आधी तीच बोलली, हळू, भिंतीकडे बघत.

"तुहा हात त गेलाच न वं. माही नोकरी गेल्यानं तो वापस येनार हाये काय? दोघीयचंबी कायले जाऊ द्याव?"

ती जिना उतरून गेली. तिच्या त्या प्रश्नाची मला आजवर चीड आहे. तिचा हिशेब असा चोख होता की त्यात मी कुठेच नव्हते. कंत्राटदार चोर होता, सुपरवायझर लबाड होता, पण त्यांच्याकडून मी खऱ्याची आशाच धरली नव्हती. तिच्याकडून एका वाक्यापलीकडे काही मागितलं नव्हतं. आम्ही केस हरलो. वरच्या कोर्टात जायचं का, असं वकिलांनी विचारलं. मी नको म्हटलं. कुणाच्या भरवशावर जायचं?

तिची नोकरी टिकली. टिकली म्हणजे काय, चढली. कोर्टानंतर थोड्याच दिवसांत जुना सुपरवायझर दुसऱ्या इमारतीत गेला आणि त्याच्या जागी तिला नेमलं. मला ते बाजारात कळलं, हातात मेथीची जुडी असताना. म्हणजे जिन्यात तिने मला अर्धंच सांगितलं होतं. नोकरी जाण्याची भीती खरी असेल, पण खोटं बोलायचं ते एकच कारण नव्हतं. मी जुडी तिथेच ठेवली आणि रिकामी घरी आले. तिला काय काय बोलायचं हे मी वाटेत ठरवून ठेवलं, इतकं नेमकं की आजही पाठ आहे.

ते बोलायची वेळ आलीही. पुढच्या उन्हाळ्यात ती स्वतः दारात आली. पॅन्ट्रीत चहाकॉफीच्या मशीनजवळ उभं राहायचं काम आहे, म्हणाली, उचलायचं काही नाही, पिळायचं काही नाही, एका हाताने होईल. कंत्राटदाराला तिने सांगून ठेवलं होतं. नवरा आत कणीक मळत होता. बांगड्या नसलेल्या त्याच्या हातांचा तो परातीतला आवाज आम्हा दोघींनाही ऐकू येत होता. मी पदर खोचला आणि कधीपासून यायचं ते विचारलं.

आता ती रोज सकाळी फेरीवर येते, मशीनशी थांबते आणि विचारते, "हात कसा हाये वं?" मी म्हणते, बरा आहे. तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू येतं. तिला वाटतं, मी सगळं विसरले. मी एक शब्दही विसरलेले नाही, पण बोलत नाही. मलाही नोकरी टिकवायची आहे.