आईंच्या हातची चव

कोथरूडमधल्या एका मसाला कंपनीने आपला इतिहास लिहायला मला बोलावलं. सुरुवात त्यांनीच ठरवून ठेवली होती: संस्थापकांच्या आईंच्या हातची चव. आठवणी गोळा करायला मला कंपनीच्या पहिल्या दिवसापासून तिथे मसाला भाजणाऱ्या बाईंकडे पाठवलं. आता थकलेल्या त्या बाई नारायण पेठेत एका खोलीत राहत होत्या. मी नेलेलं कंपनीचं पाकीट त्यांनी फोडलं, चिमूटभर मसाला तळहातावर चोळून हुंगला आणि हात पदराला पुसला.

“धणे करपलेत,” त्या म्हणाल्या.

मी आईंच्या पाककृतीबद्दल विचारलं.

“आईंना मिरचीचा ठसका लागायचा. आम्ही भाजायला बसलो की त्या देवळात जायच्या. दोन तासांनी येऊन म्हणायच्या, छान झालाय हो आपला मसाला.”

“मग कृती कोणाची?”

“माझी. पण नाव छापू नका. हल्लीची चव बघून लोक मला जाब विचारतील.”

नाव न घालता मी त्यांच्यावर एक परिच्छेद लिहिला. कंपनीने तो जागेअभावी गाळला. तिथे आता पानभर मिरचीचा फोटो आहे. प्रकाशनाला पहिल्या रांगेत बसून मीही टाळ्या वाजवल्या.